मुठीवरचा टिचबटणाचा वळ

प्रश्न: माझ्याकडे शिसवी लाकडाच्या मुठीचा आणि मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ बसवलेला एक घडीचा चाकू आहे. बागेत कलमे बांधताना, दोर कापताना तो रोज हाताशी लागतो, म्हणून कमरेच्या पट्ट्यात ओवायचे चामड्याचे म्यान घेतले. म्यानाची झडप टिचबटणाने बंद होते. चार महिन्यांत मुठीच्या एका बाजूला, नेमका बटणाच्या जागी, गोल वळ उमटला आहे. त्याच्या आसपास बारीक उभे ओरखडे आहेत आणि अलीकडे वळाच्या कडेला हिरवट डागही दिसू लागला आहे. म्यानाच्या आतून चिकटपट्टी लावून पाहिली, पण ती आठवड्याभरात गोळा होऊन निघाली. बटण काढूनच टाकावे का? आणि जो वळ पडला आहे तो जाईल का?

उत्तर: तुम्ही मुठीवरच्या खुणा इतक्या बारकाईने लिहिल्या आहेत की उत्तराचा अर्धा भाग तुमच्या पत्रातच सापडतो. गोल वळ, उभे ओरखडे आणि हिरवा डाग या तिन्ही खुणा एकाच बटणाशेजारी उमटल्या असल्या तरी त्यांची कारणे निरनिराळी आहेत आणि त्या घडतातही निरनिराळ्या वेळी. वळ बटण बंद करताना पडतो, ओरखडे चाकू आतबाहेर करताना येतात आणि हिरवा डाग चाकू म्यानात नुसता पडून असताना धरतो. चिकटपट्टीने तुम्ही या तिन्हींवर एकच उपाय करून पाहिलात आणि तो तिन्हींना अपुरा पडला.

आधी बटणाची रचना पाहू, कारण बहुतेकांनी त्याची बाहेरची बाजूच तेवढी पाहिलेली असते. टिचबटणाचे चार भाग असतात. झडपेवर बाहेरून दिसते ती टोपी. तिच्या मागची नळी चामड्यातून आत येते आणि झडपेच्या आतल्या अंगाला असलेल्या वाटीत ठोकून पसरवलेली असते. म्यानाच्या अंगावर बाहेरून दिसते ती गुंडी, जी त्या वाटीत टिचकन बसते. चौथा भाग मात्र नजरेआड असतो: गुंडीला धरून ठेवणारी, मधोमध भोक असलेली धातूची चकती. ही चकती म्यानाच्या आतल्या बाजूला, थेट चाकूच्या मुठीसमोर बसलेली असते. तुमच्या मुठीवरचा गोल वळ हा या चकतीचा ठसा आहे. चाकू म्यानात असताना मूठ जिथे टेकते तिथे बोट घालून चाचपून पाहा. चकतीची कड आणि मधल्या भोकाचा काठ बोटाला स्पष्ट लागेल.

टिचबटणाचे पेटंट जर्मनीत हेरिबेर्ट बाउअर यांनी १८८५ साली घेतले, आणि ते कपड्यांसाठी होते. कपड्याचे बटण लावताना आपण दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी दाब देतो, त्यामुळे दाब कापडाच्या आतल्या शरीरापर्यंत जातच नाही. म्यानाच्या बाबतीत आतल्या बाजूला बोट घालायला जागा नसते, तिथे चाकू असतो. मग आपण बाहेरून अंगठ्याने दाबतो, अंगठा हातोडी होतो आणि चाकूची मूठ ऐरण. बटण टिचकन बसेपर्यंत जेवढा जोर लागतो तेवढा सगळा त्या छोट्या चकतीच्या कडेवर एकवटतो आणि कडेखालचे लाकूड दबते. दिवसातून आठ-दहा वेळा चाकू काढून ठेवला, तर चार महिन्यांत हा आघात एकाच जागी सुमारे हजार वेळा होतो. शिसवीसारखे कठीण लाकूडही त्यापुढे टिकत नाही. लाकडाच्या जागी शिंग, हाड किंवा प्लास्टिक असते तरी वळ पडलाच असता. शिंपल्याच्या पातळ पट्टीला तर याच दाबाने तडा जाऊ शकतो.

माझे म्हणणे तपासून पाहायचे असेल तर एक सोपी चाचणी आहे आणि कोणताही उपाय करण्याआधी ती करावी असा माझा आग्रह राहील. मुठीभोवती पातळ पांढऱ्या कागदाची एक घडी घट्ट गुंडाळा. मऊ शिशाच्या पेन्सिलीने, किंवा थोड्या काजळीने, म्यानाच्या आतली चकती काळी करा. आता चाकू हळूच आत सरकवा आणि बटण न लावता तसाच बाहेर काढा. कागदावर उभी काळी रेघ उठली तर चकती आतबाहेर करताना घासते आहे. नवा कागद गुंडाळून, चकती पुन्हा काळी करून, या वेळी बटण लावून मग चाकू काढा. रेघेच्या वरच्या टोकाला ठळक गोल उमटला तर वळाचे कारण निश्चित झाले. तिसऱ्यांदा कागद बदलून चाकू म्यानात घालून तास-दोन तास नेहमीसारखे चाला, वाका, बसा. गोलाभोवती धूसर डाग पसरला असेल तर चालताना म्यान मुठीवर हलते आहे, म्हणजे ते सैल आहे. कोणत्या कागदावर खूण सर्वांत गडद आहे यावरून कुठल्या उपायावर जास्त मेहनत घ्यायची ते ठरते. काही म्यानांत पट्ट्यासाठीचा काजही बटणाने उघडणारा असतो. त्या बटणाची चकती मागच्या भिंतीत असते आणि ती मुठीच्या दुसऱ्या बाजूला खूण करते, म्हणून तीही तपासून घ्यावी.

ओरखड्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण इथे दोष अनेकदा चुकीच्या वस्तूवर जातो. खनिजांची कठीणता मोजण्याची मोस यांची १ ते १० अशी श्रेणी आहे. तिच्यावर पितळ साधारण ३ वर येते, तर वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर. बागेत वावरणाऱ्या माणसाच्या म्यानात माती जाणारच, आणि तिच्यातला एक कण जरी चकती आणि मूठ यांच्यामध्ये सापडला तर तो मुठीवरच्या पितळालाही ओरखडतो. भोवतालचे चामडे मऊ असल्यामुळे कणाला थोडे आत दबू देते. चकती त्याला पाठीमागून टेकू देते, म्हणून रेघ नेमकी तिथेच खोल जाते. यासाठी आठवड्यातून एकदा म्यान उलटे करून आपटावे, जुन्या दात घासायच्या ब्रशाने आतून झाडावे, आणि काडीला किंचित ओलसर फडके गुंडाळून तळापर्यंत फिरवावे. तळाच्या शिवणीत साचलेली माती बाहेर येईपर्यंत हे पुरे झाले असे समजू नये.

चकती स्वतःही धारदार असू शकते. बटण बसवताना चामड्याच्या जाडीच्या मानाने नळी लांब निघाली किंवा ठोका तिरका बसला तर चकती एका बाजूने उचललेली राहते. काही वेळा भागांची अदलाबदल होऊन नळीच्या फाकलेल्या पाकळ्याच आतल्या बाजूला येतात, आणि मग ते बटण म्हणजे मुठीसमोर धरलेली कानसच होते. कापसाचा बोळा चकतीवरून चारी दिशांनी फिरवा. तंतू अडकले तर तिथे बारीक काटा आहे. तो ६०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, बोटाला पेपर गुंडाळून, घासून काढा आणि उडालेली धातूची पूड लगेच झटका. पाकळ्या आत आलेल्या असतील तर घासण्यात वेळ घालवू नका. ते बटण उपटून नवे नीट बसवून घेणे हाच त्याला मार्ग आहे.

हिरवा डाग हा पितळातल्या तांब्याचा आहे. झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेले चामडे थोडे आम्लधर्मी असते. त्यात घामाची किंवा पावसाची ओल शिरली की तांब्यावर हिरवे जंगाल धरते. म्यानाला तेल किंवा मेण फार चोपडले तर त्यातली स्निग्ध आम्लेही तांब्याशी जुळतात आणि चकतीभोवती हिरवा, चिकट, मेणचट थर जमतो. तुम्ही म्यानाला तेल लावता की नाही हे लिहिलेले नाही. लावत असाल तर प्रमाण कमी करा, आणि बाहेरूनच लावा. आतल्या बाजूला तेलाची काहीही गरज नसते. तुमचा डाग हिरवा आहे म्हणजे चकती पितळेची आहे, किंवा वरचा मुलामा उडून खालचे पितळ उघडे पडले आहे. डाग निळसर काळा असता तर मी वेगळे सांगितले असते: लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो, आणि तो हाडाच्या किंवा फिकट लाकडाच्या मुठीत खोलवर मुरतो. ज्यांना शंका असेल त्यांनी बटणाला चुंबक लावून पाहावा. तो घट्ट चिकटला तर बटण आतून पोलादाचे आहे आणि मुलामा झिजताच काळे डाग पडायला सुरुवात होईल.

आता उपाय. चिकटपट्टी का टिकली नाही हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढची चूक टळेल. चामड्यातले तेल पट्टीचा गोंद सैल करते. आणि मूठ वरून खाली सरकताना पट्टीच्या वरच्या कडेला धक्का देत जाते, त्यामुळे पट्टी तिथून उचलते व गुंडाळली जाते. जो कोणी चकतीपुरता छोटा गोल तुकडा आत चिकटवतो, मग तो कापडाचा असो, रबराचा असो की चामड्याचा, त्याच्या वाट्याला हेच येते. शिवाय पट्टी इतकी पातळ असते की ती ओरखडे थोडे कमी करते, पण दाब जसाच्या तसा पुढे पोहोचवते.

जाड आणि मऊ वस्तू घातली की काम होईल असेही वाटते. मीही एकदा तसेच केले होते. एका म्यानाला आतून जाड नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या कापडाचे, अस्तर लावले, चाकू आत कसा अलगद बसतो याचे समाधान मानले, आणि पावसाळ्यानंतर पाहिले तेव्हा शिंगाच्या त्या मुठीची एक बाजू धुरकट पांढरी झाली होती. नमद्याने माती धरून ठेवली होती आणि ओलही. प्रत्येक वेळी चाकू आत जाताना मी त्याला पॉलिश पेपरवरूनच ओढत होतो. मखमल, लोकर, स्पंज, केसाळ कातडे यांपैकी काहीही धूळ आणि पाणी यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्या म्यानात घालू नये. कपाटात ठेवायच्या शोभेच्या चाकूसाठी ते चालत असेल, तुमच्यासाठी नाही.

तुम्हाला हवे आहे ते पातळ, गुळगुळीत आणि दाब पसरवणारे अस्तर. त्यासाठी साधारण १ मिलिमीटर जाडीचे, सालीने कमावलेले चामडे घ्या. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे मऊ आणि स्वस्त मिळते, पण ते ओले करून दाबले तरी आकार धरत नाही, म्हणून या कामाला मला ते पसंत नाही. तुकडा म्यानाच्या पुढच्या भिंतीइतका रुंद आणि चकतीच्या खाली निदान दीड सेंटिमीटर जाईल इतका लांब कापा. वरची कड मात्र म्यानाच्या तोंडापर्यंत आणा. या संपूर्ण उत्तरातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. अस्तराची वरची कड तोंडाशी संपली, आणि शक्य असेल तर तोंडावरून बाहेर दुमडून शिवली, तर आत शिरणाऱ्या मुठीला अडायला कड उरतच नाही. खालची कड रापीने, म्हणजे चामडे छिलायच्या पात्याने, छिलून कागदासारखी पातळ करा, म्हणजे चाकू बाहेर काढताना तीही अडणार नाही. चामड्याची गुळगुळीत, केसांकडची बाजू मुठीकडे ठेवा. खरखरीत, मांसाकडची बाजू चिकटवण्यासाठी.

चिकटवण्याआधी चकती स्वच्छ करा. जंगाल कोरड्या फडक्याने आणि मग बारीक पॉलिश पेपरने काढा, आणि चकतीवर नखांना लावायच्या पारदर्शक पॉलिशचे दोन पातळ हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा, आणि त्यानंतर रात्रभर ते तसेच वाळू द्यावे. हा थर धातू आणि चामड्याची ओल यांच्यामध्ये आडोसा होतो. तो उघडा ठेवला तर मुठीच्या घर्षणाने काही दिवसांत झिजेल, म्हणून एकट्या नेलपॉलिशवर विसंबून राहू नका; अस्तराखाली झाकलेला राहिला तर तो पुष्कळ टिकतो.

त्यानंतर चकतीच्या वर, अस्तराच्या खाली, अर्धा मिलिमीटर जाडीच्या कडक प्लास्टिकचा एक तुकडा ठेवा. जुन्या बँक कार्डाचे प्लास्टिक याहून किंचित जाड, सुमारे पाऊण मिलिमीटर असते, आणि म्यान सैल असेल तर तेही चालते. तुकडा चकतीच्या दुप्पट रुंदीचा असावा, त्याचे चारही कोपरे गोल कापावेत आणि कडा घासून बोथट कराव्यात. या एका तुकड्यामुळे अंगठ्याचा दाब चकतीच्या कडेवर न एकवटता मुठीच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरतो, आणि पसरलेल्या दाबाने लाकडावर ठसा उठत नाही. नुसते मऊ अस्तर लावून हा तुकडा वगळला तर ओरखडे थांबतील, पण वर्षभरात वळ पुन्हा उमटू लागेल, कारण चामडेही कालांतराने चकतीच्या आकारात दबते.

म्यानाची आतली बाजू आणि अस्तराची मागची बाजू दोन्ही पॉलिश पेपरने थोड्या खरखरीत करा, दोन्हींना चपलांना वापरतात ते रबर सोल्यूशन पातळ लावा, हाताला चिकटेनासे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबा, आणि मग तळाकडून तोंडाकडे बोटाने दाबत बसवत या. म्यानाचे तोंड अरुंद असल्यामुळे हे काम आत हात घालून नीट होत नाही. अस्तर मध्येच चिकटले तर सुरकुती पडते आणि ती सुरकुती म्हणजे नवी कड. म्यानाची एका बाजूची शिवण उसवून, ते पुस्तकासारखे उघडून अस्तर लावावे आणि त्याच जुन्या भोकांतून दोन सुयांनी पुन्हा शिवावे, हे मला अधिक योग्य वाटते. शिवणकामाचा सराव नसेल तर चामड्याचे काम करणाऱ्या कोणाकडेही हे होऊ शकेल. त्यांना एवढेच सांगा की अस्तर तोंडापर्यंत हवे, चकतीपुरते नको.

अस्तरामुळे म्यान घट्ट होणार हे उघड आहे. चाकूला पातळ प्लास्टिकच्या कागदाचे दोन वेढे द्या, म्यान कोमट पाण्याने ओलसर करा, चाकू आत सरकवा, चामडे बोटांनी मुठीच्या आकारावर दाबून बसवा आणि रात्रभर सावलीत ठेवा. पाणी कोमटच असावे. गरम पाण्याने सालीने कमावलेले चामडे आक्रसते आणि कडक होते, आणि ते नुकसान परत फिरत नाही. वाळवायला ऊन, शेगडी किंवा केस वाळवायचे यंत्रही नको. चाकू काढल्यावर म्यान आणखी एक दिवस उघडे वाळू द्या, कारण वरून कोरडे लागले तरी शिवणीपाशी ओल राहिलेली असते.

बटण लावण्याची सवयही थोडी बदला. म्यानाच्या दोन्ही कडांना बोटांची चिमट धरून पुढची भिंत मुठीपासून किंचित उचला, आणि मग अंगठ्याने टोपी दाबा. दाब पूर्णपणे टळत नाही, पण बराच कमी होतो. बटणच फार कडक असेल तर गुंडीच्या मानेवर मेणबत्तीचे मेण बोटाने अगदी पुसटसे चोळा. टिचण्याचा आवाज तसाच राहतो आणि लागणारा जोर उतरतो. चाकू कोणत्या अंगाने आत घालायचा याचाही विचार करा. अनेक घडीच्या चाकूंना एका बाजूला धातूची क्लिप असते. ती चकतीसमोर आली तर धातूवर धातू घासून दोन्हींचा मुलामा जातो. तुमच्या चाकूला क्लिप नाही, पण टोकांना पितळ आहे. चाकू उलटा, म्हणजे दुसरे टोक खाली करून, ठेवून पाहा. चकतीसमोर लाकडाऐवजी पितळ येत असेल तर अस्तर लागेपर्यंतचे काही दिवस तसेच ठेवा. पितळावर खूण उठेल, पण ती पॉलिशने सहज निघते; लाकडाचे तसे नाही.

तुम्ही विचारता की बटण काढूनच टाकावे का. तुमच्या कामाचे स्वरूप पाहता मी तसे करणार नाही. वाकून, गुडघ्यावर बसून काम करताना उघड्या म्यानातून चाकू सटकतो, आणि ओल्या गवतात हरवलेला चाकू शोधणे किती कठीण असते हे बागेत काम करणाऱ्याला सांगायला नको. म्यान खोल आणि मुठीवर घट्ट घडवलेले असेल तर नुसत्या पकडीवरही चाकू राहतो, पण चामडे वापराने सैल होते आणि ती पकड कधी सुटली हे कळत नाही. चुंबकाची झडपही मिळते. तिच्यात आत धातू उघडा राहत नाही हे खरे, पण चुंबक मातीतले लोखंडी कण ओढून घेतो, आणि ते पुन्हा मुठीशीच घासतात. झडपेचे टोक म्यानावरच्या चामड्याच्या पट्टीखाली खोचायची जुनी पद्धत मात्र मला मनापासून आवडते, कारण तिच्यात धातू कुठेच नसतो. ती उघडायला एक हात पुरत नाही, एवढीच तिची अडचण.

पुढे कधी नवे म्यान करून घ्याल तेव्हा कारागिराला दोन गोष्टी आधीच सांगा. पुढची भिंत दोन थरांची असावी, आणि बटण फक्त बाहेरच्या थरात बसवून, चकतीवर थोडे ठोकून ती चामड्यात बुडवून, मगच आतला थर चिकटवावा. म्हणजे चकती कायमची दोन थरांच्या मध्ये बंद होते. किंवा झडप किंचित तिरकी कापून बटण म्यानाच्या शिवलेल्या कडेवर घ्यावे, जिथे आत चाकू नसतोच. मग दाबायला मागे बोटही लावता येते आणि मुठीला काहीही कळत नाही. बटणाचा आकार लहान घ्या. बटणे लाइन या मापाने मोजतात आणि ४० लाइन म्हणजे एक इंच, म्हणून २४ लाइनची टोपी सुमारे १५ मिलिमीटर आणि २० लाइनची सुमारे साडेबारा मिलिमीटर असते. एका छोट्या घडीच्या चाकूला २० लाइन पुरेसे आहे, आणि ते लावायला सहसा जोरही कमी लागतो.

आता पडलेल्या वळाकडे. लाकूड दबले आहे की तुटले आहे यावर सर्व अवलंबून आहे. उजेडात तिरके धरून पाहा: खळग्याच्या तळाशी लाकडाच्या रेषा अखंड जात असतील तर तंतू नुसते दबलेले आहेत आणि ते पुष्कळसे वर येऊ शकतात. रेषा तुटलेल्या असतील तर वाफेने काही होणार नाही. दबलेल्या तंतूंसाठी आधी चाकू बंद करून, पात्याची फट कागदी चिकटपट्टीने झाका, म्हणजे पाणी आत जाणार नाही. मुठीला वार्निश असेल तर तेवढ्या जागेवरचे वार्निश पॉलिश पेपरने काढावे लागेल, कारण त्यातून पाणी मुरत नाही. बारीक कुंचल्याने खळग्यात पाण्याचा एकच थेंब ठेवा आणि तो मुरू द्या. असे तीन-चार वेळा करा. तेवढ्याने भागले नाही तर चौपदरी ओलसर फडके वर ठेवून इस्त्रीचे नुसते टोक दोन-तीन सेकंद टेकवा, उचला, पाहा, पुन्हा टेकवा. घाई केली तर मुठीची पट्टी ज्या गोंदाने बसवली आहे तो सैल होतो, आणि आतल्या पोलादी पत्र्याला ओल लागून गंज चढतो. शिंग, हाड, शिंपला किंवा राळ मुरवलेले लाकूड यांवर ही रीत वापरू नये. उष्णतेने शिंग वाकते, आणि राळ भरलेले तंतू फुगत नाहीत.

लाकूड पूर्ण वाळायला एक दिवस द्या. मग ४००, ६०० आणि १००० अशा चढत्या क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, तंतूंच्या दिशेनेच, हलक्या हाताने घासा. उभे ओरखडे आणि हिरवा डाग बहुधा यातच निघून जातील, कारण शिसवीसारख्या दाट लाकडात तो फार खोल शिरत नाही. लिंबाने किंवा व्हिनेगरने डाग काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. आम्लाने जंगाल विरघळते हे खरे, पण ते द्रावण लाकडात आणखी खोल उतरते, शेजारचे पितळ खराब करते, आणि मूठ हाडाची असेल तर हाडच झिजवते. वळाचा तळ थोडा उरला तर तेवढा राहू द्या. तो पूर्ण सपाट करण्यासाठी घासत बसलात तर लाकूड पितळाच्या पातळीखाली जाईल आणि बोटाला तिथे कायमची पायरी लागेल.

शेवटी मुठीला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जास्तीचे पुसून काढा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात द्या. तेल पुसलेली फडकी चुरगळून ठेवू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती पसरून वाळवा. तेल बोटाला अजिबात चिकटेनासे व्हायला आठवडाभर लागू शकतो. तोवर चाकू म्यानाबाहेर, कोरड्या जागी ठेवा, आणि त्या आठवड्यात म्यानाचे अस्तर करून घ्या.